चित्र स्पर्धेला पाठवताना: नाशिकच्या नव्या चित्रकारांसाठी

मोठ्या प्रदर्शनांच्या पहिल्या फेरीत परीक्षकांसमोर बहुतेक वेळा तुमचं चित्र नसतं, त्याचा फोटो असतो. स्क्रीनवर एकामागून एक प्रवेशिका सरकत जातात आणि एकेकीच्या वाट्याला येतात ते काही सेकंद. फोटो तिरका असला तर चित्रातली भिंत तिरकी दिसते, भिंतीवरच्या गुलाबी रंगाची झाक कागदावर आली की तुमचा राखाडी गढूळ वाटतो. पुढे आकार नियमात बसत नाही, फ्रेमला तार नसते, अर्जात माध्यम एक आणि पाठीमागच्या चिठ्ठीवर दुसरंच असतं. चित्राच्या गुणवत्तेशी काही संबंध नसलेल्या कारणांनी चांगली कामं बाहेर पडतात आणि त्यातली जवळजवळ सगळी कारणं आपल्या हातातली असतात. हा लेख त्या हातातल्या गोष्टींबद्दल आहे. चित्र कसं काढावं, ते इथे सांगणार नाही.

आधी एक सवय सोडावी लागते. शाळेत आपण सगळे एलिमेंटरी-इंटरमिजिएटमधून जातो. तिथे काम नीट केलं की ग्रेड मिळते, शेजारच्याला काय मिळाली याने आपल्याला फरक पडत नाही. ज्युरीच्या प्रदर्शनाचं तसं नाही. भिंती मोजक्या, कामं भरपूर, आणि निवड समितीला त्यातून एक प्रदर्शन उभं करायचं असतं. तुमच्यासारखीच चार चांगली निसर्गचित्रं आधी निवडली गेली असतील तर पाचवं चांगलं असूनही परत येतं. निवड झाली नाही म्हणजे नापास झालो, हा हिशेब इथे लागू होत नाही.

पाठवायचं कुठे

सुरुवातीला चार-पाच नावं पुरतात. कला संचालनालयाचं महाराष्ट्र राज्य कला प्रदर्शन हे त्यातलं पहिलं. त्यात विद्यार्थी विभाग आणि कलाकार विभाग वेगळे असतात. कॉलेजात असाल तर विद्यार्थी विभागाची संधी वाया घालवू नका, शिक्षण संपलं की ते दार बंद होतं. १८८८ साली स्थापन झालेल्या बॉम्बे आर्ट सोसायटीचं वार्षिक प्रदर्शन दुसरं. अमृता शेरगिल यांना १९३७ मध्ये याच सोसायटीचं सुवर्णपदक मिळालं होतं, त्यामुळे तिथे नुसती निवड झाली तरी बायोडेटात ती ओळ वजनाची ठरते. १९१८ची द आर्ट सोसायटी ऑफ इंडिया तिसरी. आणि दिल्लीच्या ललित कला अकादमीचं राष्ट्रीय कला प्रदर्शन, जिथे देशभरातून कामं येतात आणि चढाओढ अर्थातच सगळ्यात जास्त.

गावातल्या प्रत्यक्ष चित्रण स्पर्धांना जरूर जा. सकाळी शिक्का मारलेला कागद मिळतो, दोन-तीन तासांत चित्र पूर्ण करून द्यायचं. हात मोकळा होतो, वेळेचा धाक कळतो, ओळखी होतात. पण अशी दहा प्रशस्तिपत्रं बायोडेटात एकाखाली एक लावलीत तर त्यांनी वजन वाढत नाही, उलट घटतं.

मग येतात सोशल मीडियावरच्या ‘आंतरराष्ट्रीय’ स्पर्धा. मोबाइलवर फोटो पाठवा, शुल्क भरा, दोन आठवड्यांत ‘कलारत्न’ व्हा. परीक्षक कोण ते कुठेही लिहिलेलं नसतं, निवड जवळपास सगळ्यांचीच होते आणि ट्रॉफी हवी तर कुरिअरचे पैसे वेगळे. ओळखायची खूण सोपी आहे. परीक्षकांची नावं जाहीर आहेत का, मागच्या वर्षीची निवडलेली कामं कुठे बघायला मिळतात का, आणि निवड झाल्यावर आणखी पैसे मागतात का? प्रवेश शुल्क असणं गैर नाही, अनेक जुन्या संस्थाही घेतात. पण निवड झाल्यावर ‘भिंतीचं भाडं’ मागितलं तर तो जागा भाड्याने देण्याचा व्यवहार आहे. तसा तो करायचा तर खुशाल करा, फक्त त्याला पुरस्कार म्हणू नका.

शेवटचं म्हणजे, प्रदर्शन आधी डोळ्यांनी बघा. बॉम्बे आर्ट सोसायटी किंवा राज्य कला प्रदर्शन भरलं की एक दिवस काढून मुंबईला जा. सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने सीएसएमटीला उतरलं की जहांगीर आर्ट गॅलरी चालत जाण्याच्या अंतरावर आहे. बक्षिसाच्या चित्रासमोर सगळेच थांबतात. तुम्ही कोपऱ्यातली, बक्षीस न मिळालेली पण निवडलेली कामं बघा. तुमचं चित्र पहिल्यांदा लागलं तर त्याच भिंतीवर लागणार आहे.

माहितीपत्रक पेन घेऊन वाचा

माहितीपत्रकाची प्रिंट काढा आणि खुणा करत वाचा. शेवटची तारीख ऑनलाइन अर्जाची आहे की प्रत्यक्ष चित्र पोचण्याची? काम किती वर्षांपूर्वीपर्यंतचं चालतं? आधी दुसरीकडे लागलेलं काम चालतं का? परदेशी स्पर्धेत मध्यरात्रीची वेळ ग्रीनिचप्रमाणे दिली असेल तर आपल्याकडे दुसऱ्या दिवशीचे पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात. ही झाली आपल्या सोयीची बाजू, पण त्या भरवशावर राहू नका. अखेरच्या रात्री संकेतस्थळं हमखास अडकतात.

सगळ्यात जास्त घोळ आकारात होतो. समजा कमाल मर्यादा ३६ इंच आहे आणि तुम्ही जलरंगाच्या पूर्ण कागदावर, म्हणजे २२ × ३० इंचांवर, काम केलंय. वाटतं, आरामात बसेल. आता चारी बाजूंनी ३ इंच माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची कोरी चौकट, धरा, २८ × ३६ झालं. वर फ्रेमची एक इंचाची पट्टी घ्या, ३० × ३८. दोन इंचांनी बाहेर! मर्यादा फ्रेमसकट आहे की नुसत्या चित्राची, हे लिहिलेलं नसेल तर फ्रेमसकट आहे असंच धरून चाला. सेंटिमीटर आणि इंच यांचीही गफलत होते. १ इंच म्हणजे २.५४ सेंमी. आणि आधी उंची की आधी रुंदी, तेही तपासा, नाहीतर यादीत तुमचं उभं चित्र आडवं होऊन बसेल.

कोणतं चित्र

इथे मी जरा कडवट बोलणार आहे. नाशिकहून जाणारं जलरंगातलं चित्र म्हणजे रामकुंड, सकाळचं कोवळं ऊन, पायऱ्यांवर लाल-पिवळ्या साड्यांचे ठिपके, मागे देवळाचं शिखर. घाट सुंदर आहे, त्यात वाद नाही. शिवाजी तुपे यांच्यासारख्या चित्रकाराने तो आयुष्यभर बघितला आणि रंगवला. पण म्हणूनच परीक्षकांनी तो इतक्यांदा पाहिलेला असतो की तुमच्या ब्रशचं कौशल्य दिसायच्या आधी विषय ओळखीचा होऊन जातो. घाटच रंगवायचा असेल तर असं काही शोधा जे फक्त तिथे रोज जाणाऱ्यालाच दिसतं. पूर आला की लोक दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कोणत्या अंगापर्यंत पाणी चढलं ते बघायला येतात. ती पाठमोरी, छत्र्या धरलेली गर्दी रंगवा. पूर ओसरल्यावर पायऱ्यांवर राहिलेला गाळ रंगवा.

किंवा घाट सोडाच. दिंडोरी-पिंपळगाव पट्ट्यात खरड छाटणीनंतर द्राक्षबागेत पान उरत नाही. तारा, खांब, वळलेले ओलांडे (वेलीच्या तारेवर पसरलेल्या जाड फांद्या) आणि त्यांच्या सावल्या. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत पाळी सुटतानाचं गेट. हे विषय आपल्या दारात आहेत आणि प्रदर्शनांत ते फारसे दिसत नाहीत.

दोन किंवा तीन कामं पाठवायची मुभा असेल तर एकाच हाताची, एकाच विचाराची पाठवा. एक अमूर्त, एक व्यक्तिचित्र, एक निसर्गचित्र असं पाठवून ‘मला सगळं येतं’ हे सिद्ध होत नाही. या माणसाचं अजून ठरलेलं नाही, एवढंच त्यातून कळतं. निवडताना घरच्यांना विचारू नका, त्यांना सगळंच आवडतं. चित्रांचे छोटे फोटो करून मोबाइलवर अंगठ्याएवढे बघा. त्या आकारातही रचना उभी राहते ती कामं बाजूला काढा.

आणि दुसऱ्याच्या फोटोवरून केलेलं काम कधीच नको. नेटवरचा एखादा म्हातारा साधू, कुणीतरी टिपलेलं राजस्थानी बाईचं पोर्ट्रेट, एआयने बनवलेली आकृती, सगळं आज मिनिटभरात शोधता येतं. बक्षीस मिळाल्यावर ते काढून घेतलं गेलं तर ती बातमी वर्षानुवर्षं नावाला चिकटते. संदर्भाचे फोटो स्वतः काढा आणि जपून ठेवा, मागितले तर दाखवता येतात.

फोटो

यावर एक पूर्ण सकाळ खर्च करा. चित्र फ्रेम करण्याआधी फोटो काढायचा, काचेतून कधीच नाही. गच्चीवर किंवा अंगणात सावलीची जागा निवडा, जिथे थेट ऊन नाही पण आभाळाचा उजेड मोकळा येतो. सकाळी नऊ ते अकराची वेळ चांगली, हलकं ढगाळ असेल तर उत्तम. शेजारी रंगीत भिंत, निळी ताडपत्री, लाल कौलं नकोत, त्यांची झाक कागदावर उतरते. अंगात पांढरा शर्टही नको, विशेषतः तैलरंगाच्या चकचकीत पृष्ठभागासमोर. गडद कपडे घाला.

चित्र अगदी उभं, भिंतीला समांतर. मोबाइल बरोबर चित्राच्या मध्याच्या उंचीवर. जवळ जाऊन रुंद लेन्सने काढलात तर चौकट फुगीर येते. म्हणून दोन-अडीच मीटर मागे जा आणि दोन पट झूमची लेन्स वापरा. स्क्रीनवर ग्रिड चालू ठेवा आणि चित्राच्या चारही कडा तिला समांतर आहेत का ते बघा. फिल्टर आणि फ्लॅश बंद. शक्य असेल तर स्टँड लावा आणि टायमरने काढा.

जलरंगात एक हमखास अडचण येते. पांढरा कागद जास्त दिसला की मोबाइल स्वतःहून उजेड कमी करतो आणि कागद राखाडी होतो. एक्स्पोजर थोडं वर ढकला, अधिक ०.३ ते ०.७ पर्यंत, आणि सगळ्यात उजळ जागेत कागदाचा पोत अजून दिसतोय ना ते मोठं करून तपासा. तैलरंगात चमक येत असेल तर चित्र किंचित पुढे कलवा आणि मोबाइलही तितकाच कलवा. घरात दिव्यांवर काढायचं असेल तर दोन सारखे दिवे, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवर.

नंतर फक्त चित्र ठेवून बाकी कापा. भिंत, टेबल, हात, फ्रेम काही दिसायला नको. मूळ चित्र शेजारी धरून रंग जुळवा, पण गोडवा वाढवू नका. फोटोत झगझगीत आणि प्रत्यक्षात फिकं दिसलं तर दुसऱ्या फेरीत काम बाद होतं. ‘३०० डीपीआय’ या शब्दाला घाबरू नका. पिक्सेल मोजायचे असतात. लांब बाजू ३००० पिक्सेल असेल तर ३०० डीपीआयला ती १० इंचांची छपाई होते. फाइल जेपेग, रंगाचा प्रकार एसआरजीबी, वजन माहितीपत्रकात सांगितलंय त्याच्या आत. आणि मित्राने व्हॉट्सअॅपवर पाठवलेला फोटो अर्जाला जोडू नका. तिकडून येताना त्याचे तपशील पिळून निघालेले असतात. ड्राइव्हवरून घ्या किंवा डॉक्युमेंट म्हणून मागवा.

शीर्षक, माध्यम आणि चार ओळी

अर्जातलं शीर्षक, फाइलचं नाव, पाठीमागची चिठ्ठी, तिन्ही ठिकाणी तेच. माध्यम नेमकं लिहा. ‘मिक्स मीडिया’ऐवजी ‘कागदावर कोळसा आणि शाई’. मुद्राचित्र, म्हणजे ठशावरून छापलेलं चित्र, असेल तर आवृत्तीचा आकडाही, जसं ३/१० म्हणजे दहा प्रतींतली तिसरी. ‘अनटायटल्ड’ टाळता आलं तर टाळा, सूचीत अशी पंधरा असतात.

स्टेटमेंट, म्हणजे आपल्या कामाबद्दलच्या चार ओळी, मागितलं की आपल्या लोकांच्या हातात कुठून तरी निबंधाची भाषा येते. ‘माझी कला ही जीवनाच्या विविध पैलूंचा वेध घेणारा एक रंगप्रवास आहे.’ हे वाक्य कुणाच्याही चित्राखाली खपेल, म्हणून ते कुणाचंच नाही. त्याऐवजी असं लिहून बघा: ‘खरड छाटणीनंतर द्राक्षबागेत तारा आणि ओलांडे एवढंच उरतं. दुपारी त्यांच्या सावल्या जमिनीवर पडतात आणि बाग दोनदा दिसते. ओलांड्यांसाठी कोळसा घेतला, सावल्यांसाठी पाणी घातलेली शाई.’ काय बघितलं, कशाने काढलं, का. मराठीत आधी लिहा, इंग्रजी मागितलं असेल तर जाणकाराकडून करून घ्या.

किंमत लिहिताना कमिशनचं गणित नीट करा. हातात १०,००० रुपये यायला हवेत आणि संस्था ३० टक्के घेते असं धरू. लोक १०,०००वर ३० टक्के चढवून १३,००० लिहितात. मग त्यातले ३,९०० जातात आणि हातात ९,१०० येतात. १०,००० भागिले ०.७ करा, साधारण १४,३०० येतात. तीच किंमत सगळीकडे ठेवा. नाशिकला एक आणि मुंबईला दुप्पट, हे गिऱ्हाइकाला कळायला वेळ लागत नाही. चित्र विकायचं नसेल तर ‘विक्रीसाठी नाही’ लिहा, भरमसाट आकडा टाकू नका.

हक्कांचं कलम

हे बारीक अक्षरांत असतं आणि बहुतेक जण नुसतं ‘मान्य’वर टिचकी मारतात. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार चित्राचा पहिला हक्कदार चित्रकार असतो. चित्र विकलं तरी छापण्याचा, पुनरुत्पादनाचा हक्क आपोआप जात नाही, तो लेखी करारानेच जातो. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षं आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारत धरला जातो. मोबदला घेऊन ऑर्डरीचं पोर्ट्रेट केलंत तर गोष्ट उलटी. वेगळा करार नसेल तर ऑर्डर देणारा पहिला हक्कदार ठरतो. आणि हक्क विकले तरी चित्र तुम्ही काढलेलं आहे असं म्हणण्याचा अधिकार कलम ५७ प्रमाणे तुमच्याकडेच राहतो.

म्हणून कलम वाचताना फरक करा. ‘सूचीपत्रक आणि प्रसिद्धीसाठी प्रतिमा वापरू’ हे ठीक. ‘सर्व प्रवेशिकांचे सर्व हक्क आयोजकांकडे राहतील’ हे ठीक नाही, कारण त्यात निवड न झालेल्यांचेही हक्क गेले. बोधचिन्ह, पोस्टर, कॅलेंडर, भिंतीचित्र अशा स्पर्धांत हे कलम बऱ्याचदा सापडतं. सिंहस्थ जवळ येतोय, अशी आवाहनंही येत राहतील. तिथे भाग घेऊ नका असं नाही, पण एका बक्षिसात तुम्ही कायमचा हक्क देताय हे माहीत असू द्या.

फ्रेम, पॅकिंग, प्रवास

आपला नेहमीचा फ्रेमवाला देवांच्या तसबिरी आणि लग्नाचे फोटो मढवत असतो. त्याला ‘चांगली फ्रेम करा’ म्हटलं की सोनेरी नक्षीची पट्टी येते. कागदावर लिहून द्या: साधी पट्टी, काळी किंवा लाकडी रंगाची, पांढरा किंवा मोतिया माउंट, काच चित्राला टेकता कामा नये. कागद काचेला चिकटला आणि ओल आली तर बुरशीचे ठिपके पडतात, आणि नाशिकचा जुलै-ऑगस्ट त्यासाठी पुरेसा आहे. माउंटबोर्ड आम्लमुक्त मागा. प्रवास असेल तर काचेऐवजी अॅक्रिलिक शीट लावून घ्या, अनेक ठिकाणी काच घेतच नाहीत. मागच्या बाजूला दोन डी-रिंग (डी आकाराच्या कड्या) आणि घट्ट तार. वर एकच खिळ्याचं कडं ठोकलं तर ते भिंतीवर तिरकं लटकतं आणि टांगणारी मुलं वैतागतात.

तैलरंगात वाळण्याचा हिशेब आधीच धरा. जाड थर वरून वाळलेला वाटतो, आतून महिनोन्महिने ओला राहतो. अंतिम वार्निशसाठी सहा महिने तरी थांबावं. कॅनव्हास गुंडाळून पाठवायची वेळ आलीच तर रंगाची बाजू बाहेर ठेवून, जाड पाइपवर गुंडाळा. आत ठेवली तर थरांना सुरकुत्या पडतात.

खोक्यासाठी नाशिककरांना बाहेर कुठे जायची गरज नाही. द्राक्षांच्या जिवावर इथे पुठ्ठ्याच्या खोक्यांचा धंदा उभा आहे. फ्रेमपेक्षा चारी बाजूंनी दोन-दोन इंच मोठं, पाच किंवा सात पदरी खोकं मापाने करून मागा. चित्रावर आधी बटर पेपर, मग फोम शीट, कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे कोपरे, मग बबल रॅप. फुगे बाहेरच्या बाजूला. सेलोटेप बबल रॅपला लावा, फ्रेमला नको. खोकं असं बांधा की उघडणाऱ्याला ते फाडायला लागू नये, कारण परतीचा प्रवास त्याच खोक्यातून होणार. वर पत्ता आणि नाव, आत अर्जाची प्रत.

मुंबईला स्वतः नेणं सगळ्यात भरवशाचं. पण पंचवटीच्या गर्दीत ३८ इंचांची फ्रेम म्हणजे पासधारकांशी भांडण. एक छोटं चित्र असेल तर ठीक, नाहीतर तिघा-चौघांनी मिळून गाडी करा. पावसाळ्यात कसारा घाटात अडकण्याचा वेळ धरून निघा. चित्र जमा करण्याची वेळ ठरलेली असते आणि काउंटर बंद झालं की झालं. जमा केल्यावर पोच घ्या, त्यावर किती चित्रं आणि कोणत्या अवस्थेत हे लिहून घ्या, आणि निघण्याआधी काउंटरवरच मोबाइलने फोटो काढा.

निकालानंतर

निवड झाली नाही तर आयोजकांना फोन करून कारण विचारू नका. तुमच्याच ओळखीच्या, तुमचं कौतुक न करणाऱ्या चित्रकाराला फोटो दाखवा. तेच काम दुसऱ्या प्रदर्शनाला पाठवायला काहीच हरकत नाही, परीक्षक वेगळे असतात. एका वहीत किंवा एक्सेलमध्ये नोंद ठेवा: कुठलं चित्र, कुठे, कधी, शुल्क किती, परत आलं का. एकच चित्र दोन ठिकाणी निवडलं जाऊन तारखा भिडण्याचा प्रसंग या नोंदीने टळतो.

निवड झाली तर उद्घाटनाला जा. तिथे मोठ्या चित्रकारांच्या मागे फिरण्यापेक्षा शेजारच्या भिंतीवर ज्यांचं काम लागलंय त्यांच्याशी बोला. पुढच्या ग्रुप शोची नावं अशाच गप्पांतून ठरतात. गंगापूर रोडवरच्या कुसुमाग्रज स्मारकात चार जणांनी मिळून चित्रं लावायची झाली तरी आधी असे चार जण हवेत. बायोडेटात वर्ष, प्रदर्शन, शहर एवढंच लिहा, ‘सुप्रसिद्ध’ वगैरे नको.

परत नेण्याची तारीख मात्र विसरू नका. संस्था ठरावीक दिवसांपुरतीच चित्रं सांभाळतात, पुढे जबाबदारी घेत नाहीत, काही ठिकाणी दर दिवसाचा दंडही असतो. स्वतः जमत नसेल तर दुसऱ्याच्या नावे सहीचं पत्र आणि मूळ पोच द्या. ताब्यात घेताना बबल रॅप तिथेच उघडून कोपरे आणि शीट बघा. ओरखडा असेल तर पोचेवर लिहून घ्या आणि मगच सही करा.